सोवळ्यातला पट्टा

आमच्या घरी कपडे वाळवण्याचं मशीन आहे असं जबलपुरात कोणाला सांगितलं, की पहिला प्रश्न येतो तो 'कशाला?' असाच. प्रश्न रास्त आहे. वर्षातले आठ-नऊ महिने इथलं ऊन नऊवारी लुगडं बघता बघता कडकडीत करतं. पावसाळ्यात लोक पंख्याखाली दोऱ्या बांधतात आणि कुबट वासाची सवय करून घेतात. आमच्याकडे ड्रायर आला तो माझ्या सासूबाईंच्या फुप्फुसांसाठी.

भाद्रपदात आमच्या घरी महालक्ष्म्या बसतात. घराणं मूळचं नागपूरकडचं. जबलपुरात येऊन चार पिढ्या झाल्या, घरातलं अर्धं बोलणं हिंदीत होतं, पण महालक्ष्म्यांच्या जेवणाचा स्वयंपाक अजून जुन्याच रीतीनं होतो, म्हणजे सोवळ्यात. स्वयंपाक करणारीनं आदल्या दिवशी धुतलेलं, वाळलेलं आणि मधल्या वेळात कोणाचाही हात न लागलेलं सुती लुगडं नेसायचं. रेशमी वस्त्र पूजेला चालतं, चुलीशी नाही. हा सासूबाईंच्या सासूबाईंचा नियम होता आणि त्यामागे घरातलीच एक भाजण्याची घटना होती. लुगडं वाळलं नाही तर रीतीत त्याचीही सोय आहे. ते ओलंच नेसायचं. ओलेत्यानं सोवळं मोडत नाही, उलट पक्कं होतं.

तीन वर्षांपूर्वी सासूबाईंनी ती सोय वापरली. पहाटेपासून नैवेद्यापर्यंत त्या ओल्या लुगड्यात उभ्या होत्या. पुढच्या आठवड्यात त्यांना न्यूमोनिया झाला आणि दिवाळी जवळ येईपर्यंत त्या दवाखान्यात आणि अंथरुणात होत्या. सुटी देताना डॉक्टर म्हणाले, "माताजी, अगली बार गीली साड़ी में खाना बनाया तो मेरे पास मत आइएगा, सीधे ऊपर जाइएगा।"

"माणूस खरं बोलणारा आहे," सासूबाई घरी येऊन म्हणाल्या. मात्र पुढच्या वर्षी लुगडं वाळलं नाही तर काय करणार, असं विचारलं की एवढंच म्हणत, "महालक्ष्म्या काही माझ्या छातीला विचारून येत नाहीत."

म्हणून ड्रायर. तो मागच्या व्हरांड्यात, देवघराच्या दाराशेजारी बसवला आणि पहिल्याच दिवशी सासूबाईंनी त्याची हद्द ठरवली. बाहेरचा डबा आणि बटणं ओवळी, म्हणजे कोणीही हात लावावा. दाराच्या आतलं सगळं सोवळं. लुगडं त्या स्वतः धुणार, काठीनं उचलून आत टाकणार, काठीनंच बाहेर काढणार. महालक्ष्म्याच नव्हे, पावसाळ्यातले सगळे सणवार त्या मशीनवर निभू लागले. सासूबाईंच्या धाकट्या जाऊबाई, आमच्या काकू, दरवर्षी जेवायला येतात. त्यांनी त्याला 'बिजलीचं सोवळं' असं नाव दिलं. सासूबाईंनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

सोवळ्याचं समर्थन मी करत नाही आणि त्याची थट्टाही करणार नाही. त्याच्या इतिहासात काय काय आहे ते मला ठाऊक आहे. आमच्या घरात ते एका वयस्कर बाईनं स्वतःला लावून घेतलेल्या नियमांपुरतं उरलं होतं, आणि त्या नियमांतून त्यांनी पोटच्या मुलालाही कधी सूट दिली नाही. मलाही नाही. मी शहरातल्या एका हिंदी दैनिकात उपसंपादक होते. उमेदीची सगळी वर्षं रात्रपाळीची. घरी येऊन झोपायचे तेव्हा सासूबाई उठत, आणि मी उठून आंघोळ करायचे तोवर त्यांचा सोवळ्यातला स्वयंपाक संपलेला असायचा. त्यामुळे लग्न होऊन आले तेव्हापासून महालक्ष्म्यांच्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर असायचे. भाजी आणणं, पानं मांडणं, पाहुण्यांना वाढलेलं पोचवणं ही माझी कामं. भांडण कधी झालं नाही. कामाची वाटणी होती, आणि निवृत्त झाल्यावरही ती तशीच चालू राहिली.

गेल्या भाद्रपदात महालक्ष्म्या यायच्या त्या दिवशी सकाळी सासूबाईंनी लुगडं धुतलं, काठीवर घेऊन व्हरांड्यात आल्या, आत टाकलं आणि दार काठीच्या टोकानं लोटलं. मी बटण दाबलं. मशीन गुणगुणलं. लुगडं मात्र जागचं हललं नाही.

चार दिवस झड लागली होती. आकाश पत्र्यासारखं होतं. मी बटण बंद केलं, पुन्हा दाबलं. तीच गुणगुण.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"ड्रम फिरत नाहीये, आई."

"काहून?"

"ते बघावं लागेल."

माझे यजमान गणिताचे निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी कंपनीच्या केंद्रावर फोन लावला आणि तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. पलीकडचा मुलगा नम्र होता. "सर, ड्रायर का तो यहाँ एक ही आदमी है, वो कटनी गया है। और पार्ट लगा तो बाहर से आएगा। पाँच-सात दिन मान के चलिए।"

"भैया, कल पूजा है," यजमान म्हणाले.

"तो सर, पूजा के बाद करवा लीजिए।"

फोन ठेवल्यावर सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "आलाही असता तरी आत हात घालू दिला नसता मी. ना त्याला, ना तुला." शेवटचे दोन शब्द मुलासाठी होते.

"मग आई, मशीनलाच आंघोळ घालून घे. तेवढंच राहिलं आहे."

"हसून घे. उद्या ओलं नेसीन तेव्हा पण हस."

यजमान हसायचे थांबले. त्या वाक्यात धमकी नव्हती. सासूबाई धमक्या देत नाहीत, कार्यक्रम सांगतात. त्या दिवसाची अडचण एवढीच होती, आणि तिला दुसरी बाजू नव्हती. लुगडं पहाटेपर्यंत वाळलं नाही, तर बरी झालेली छाती घेऊन त्या पुन्हा ओल्या कापडात चुलीशी उभ्या राहणार होत्या. पंख्याखाली टाकून पाहिलं असतं, पण मागच्या खेपेला ते रात्रभर टाकूनही निऱ्यांच्या जाडीत ओलंच राहिलं होतं. इस्त्री सगळ्या घराच्या कपड्यांवरून फिरते, म्हणून ती बाद.

मशीनसोबत आलेलं पुस्तक मी काढलं. त्यात बिघाडांचं एक पान होतं. मोटरचा आवाज येतो, ड्रम फिरत नाही: ड्रम हातानं फिरवून पाहा. जड फिरला तर मोटरकडे बघा. अगदी मोकळा फिरला तर पट्टा तुटला आहे. पण हातानं फिरवायचा कसा? हात घालायची परवानगी फक्त एका व्यक्तीला होती.

"आई, तुमच्या काठीनं आतल्या त्या कडेला ढकला बरं जरा."

त्यांनी लुगडं बाहेर काढलं, काठी आत घातली आणि ढकललं. ड्रम सरसर फिरत राहिला, जत्रेतल्या चक्रीसारखा.

"आधी इतका हलका फिरत होता का?"

"नाही," त्या लगेच म्हणाल्या. "कपडा काढताना अडकला की मी ढकलते ना. जोर लावावा लागे. आता काहीच नाही." मग थोडं थांबून, "आणि मागच्या वेळी फट् फट् वाजत होतं. मी म्हटलं होतं तुम्हाला. हा म्हणाला, पत्र्यावर पाऊस वाजून राहिला."

यजमानांनी छताकडे पाहिलं.

म्हणजे पट्टा. निदान झालं, आणि त्यातला अर्धा वाटा काठीचा होता. पुढचा प्रश्न उघडण्याचा. पट्टा ड्रमच्या बाहेरून गुंडाळलेला असतो, तर तो भाग सोवळा की ओवळा? मी तो मुद्दा मांडून पाहिला. सासूबाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "पातेल्याला बाहेरून हात लागला तर आतलं चालतं का? नाही ना." निकाल लागला. ड्रमपर्यंत जाणाऱ्यानं सोवळ्यात असलं पाहिजे.

"पण आई," यजमान म्हणाले, "सोवळ्यात यायचं तर धुतलेलं-वाळलेलं वस्त्र पाहिजे. ते वाळवायला हे मशीन पाहिजे. आणि मशीन नीट करायला सोवळं पाहिजे. हे गणित सुटत नाही."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुझी लग्नातली रेशमी आहे ना? हे काही चुलीचं काम नाही. रेशमी चालते."

माझी हिरवी रेशमी साडी कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात होती. मी आंघोळ केली, ती नेसले आणि पदर घट्ट खोचला. पेचकस, पक्कड आणि पाना सासूबाईंनी पाण्याखाली धरून धुतले, कारण धातू पाण्यानं शुद्ध होतो. ते पुसून कोरडे करायला मात्र माझ्या पदराशिवाय काही नव्हतं. यजमानांना टॉर्च धरायची होती, पण ते पारोसे होते. त्यांनी अंतर राखून उभं राहायचं ठरलं.

"अजून मागे," सासूबाई म्हणाल्या.

"इथून उजेड पोचत नाही, आई."

"मग हात लांब कर."

मशीनचा प्लग मी सगळ्यात आधी काढून ठेवला होता. मागचे दोन स्क्रू काढले, वरचं झाकण मागे सरकवून उचललं. पुढची बाजू दारासकट सुटते. तिचे स्क्रू गंजले होते आणि त्यातल्या एकानं बराच वेळ घेतला. बाजू उतरवून भिंतीला टेकवली तेव्हा आतला पसारा दिसला. पांढरा ड्रम, खाली मोटर, मोटरच्या टोकाला बोटाएवढी जाड चकती, तिच्याशेजारी स्प्रिंगवर बसवलेलं एक छोटं चाक. हे चाक पट्ट्याला ताण देतं. आणि तळाशी, मेलेल्या सापासारखा, काळा पट्टा.

मी तो उचलला. रुंदी करंगळीएवढी, एक बाजू गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला लांबीनं गेलेल्या बारीक खाचा. दोन्ही टोकं चिंध्या झालेली. याची लांबी मोजून दुकानात जायचं, एवढंच काम वाटत होतं. पण एका सूत्रावर बातमी सोडायची नाही, ही डेस्कवरची सवय. मी सासूबाईंकडून देवघरातली कोरी सुतळी मागून घेतली, ती ड्रमभोवती, छोट्या चाकाखालून आणि मोटरच्या चकतीवरून जशी पट्ट्याची वाट असायला हवी तशी फिरवली, टोक जुळलं तिथे खुणेची गाठ मारली. मग ती पट्ट्याशेजारी जमिनीवर ताणून धरली.

पट्टा वीतभर कमी भरला.

तुटलेला रबरी पट्टा ताणला जाऊन लांब भरेल, आखूड कसा भरेल? म्हणजे तो अख्खा नव्हता. मी यजमानांना टॉर्च खाली धरायला सांगितलं आणि मोटरच्या मागे हात घातला. तिथे, धुळीच्या आणि धाग्यांच्या गोळ्यात, उरलेला तुकडा सापडला. तो तुकडा जोडून मोजल्यावर पट्टा सुतळीपेक्षा दोन बोटं जास्त भरला. रबर ताणलं जातं, तेव्हा ते बरोबर होतं. दोन्ही सूत्रं जुळली. नोकरीच्या काळात मी कितीतरी मोठ्या बातम्या तपासल्या असतील. त्या वीतभर तुकड्यानं झाला तेवढा आनंद त्यांतल्या थोड्यांनीच दिला होता.

बाहेर जायचं म्हणजे सोवळं मोडणार. रेशमी उतरवली, साधी साडी नेसले, पट्टा आणि सुतळी पिशवीत घेतली आणि रिक्षानं गोहलपूर गाठलं. तिथे मशिनांचे पट्टे विकणारं एक दुकान आहे. पिठाच्या गिरणीपासून शिलाई मशीनपर्यंतचे पट्टे भिंतीवर खिळ्यांना टांगलेले. दुकानदारानं पट्टा हातात घेऊन फिरवला.

"ये किसका है, दीदी?"

"कपड़े सुखाने की मशीन का।"

"कपड़े सुखाने की मशीन!" त्यानं शेजारच्या दुकानाकडे तोंड करून ती बातमी जाहीर केली. "क्यों दीदी, धूप से झगड़ा हो गया क्या?"

"चार दिन से धूप मिली ही कहाँ है झगड़ने को?"

तो हसला आणि वॉशिंग मशीनचा एक पट्टा काढून म्हणाला, "ये लगा लीजिए, चल जाएगा।" तो हातभर तरी आखूड होता. मग त्यानं गाडीचा एक काढला. लांबी जवळ होती, पण खाचा रुंद होत्या. मी दोन्ही पट्टे एकमेकांत बसवून दाखवले. बसत नव्हते.

"इतना बारीक कौन देखता है?"

"मोटर देखेगी।"

यावर त्यानं स्टूल घेतलं आणि आतल्या खोलीत गेला. बराच वेळ खोकी सरकवल्याचे आवाज आले. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात एक नवा पट्टा होता. पॅकिंगच्या मशीनसाठी कोणीतरी मागवलेला आणि मग न नेलेला. मी खाचा मोजल्या, तेवढ्याच. जुन्या पट्ट्यात बसवून पाहिल्या, बसल्या. सुतळीला लावून पाहिला, अंगठ्याच्या रुंदीएवढा आखूड. ताण देणारं चाक स्प्रिंगवर आहे, तेवढी जागा ते देईल, असा मी हिशोब केला. खात्री नव्हती. अंदाज होता, पण कारणांसह केलेला.

घरी आले, पुन्हा आंघोळ, पुन्हा रेशमी. आता प्रश्न पट्ट्याचा. तो दुकानातून आलेला, किती हातांतून गेलेला. तो आत जाणार कसा?

"धू," सासूबाई म्हणाल्या.

"आई, ओला पट्टा घसरेल. मग फिरणारच नाही."

"मग?"

उपाय त्यांनाच सुचला. देवघरात ग्वारीघाटावरून आणलेलं नर्मदेचं पाणी तांब्याच्या गडूत असतं. या शहरात जे काही कशानंच शुद्ध होत नाही ते त्यानं होतं. त्यांनी तुळशीच्या पानावर पाणी घेतलं आणि पट्ट्याच्या गुळगुळीत बाजूवर दोन थेंब शिंपडले. खाचांच्या बाजूवर नाही. मी सांगितलं नव्हतं. त्यांनीच विचारलं होतं, "पकडते ती बाजू कोणती?"

पट्टा घालायला ड्रम थोडा उचलून पुढे ओढावा लागतो. एकाच वेळी उचलणं आणि पट्टा सरकवणं एकट्या माणसाला जमत नाही. यजमान टॉर्चसकट एक पाऊल पुढे आले. सासूबाईंनी नुसती मान वळवली, ते परत मागे गेले. मग सकाळपासून सोवळ्यातच असलेल्या सासूबाईंनी स्वतःच पाट ओढला, मशीनसमोर बसल्या आणि ड्रमच्या कडेला दोन्ही हात घातले.

"सांग कधी उचलू."

"आता."

ड्रम जड नव्हता. मी पट्टा कडेवरून आत सरकवला, खाचा आतल्या बाजूला ठेवून मधोमध आणला. मग जमिनीवर कुशीवर झोपून हात खाली घातला. पुढचं काम दिसत नाही, हातालाच करावं लागतं. छोटं चाक स्प्रिंगविरुद्ध दाबून धरायचं, पट्ट्याचा फास त्याच्याखालून न्यायचा आणि मोटरच्या चकतीवर चढवायचा. पहिल्या खेपेला बसला असं वाटलं. सासूबाईंनी काठीनं ड्रम फिरवला, अर्ध्या फेऱ्यात पट्टा निसटला. आत कुठेतरी त्याला पीळ पडला होता. दुसऱ्या खेपेला मी फासावरून बोट फिरवत पूर्ण वाट तपासली, मग चढवला. आखूड असल्यामुळे चाक फार दाबावं लागलं आणि पत्र्याच्या कडेला पदर अडकून जरीचा एक धागा ओढला गेला.

"फिरवा, आई."

त्यांनी ढकललं. ड्रम जड फिरला. खालून मोटरही त्याच्याबरोबर फिरल्याचा घरघर आवाज आला.

"आता जोर लागून राहिला," त्या म्हणाल्या. "पहिल्यासारखा."

मशीनचं झाकण लावायच्या आधी एक गोष्ट सांगायची राहिली होती. जुना पट्टा एका जागी काचेसारखा चकचकीत आणि कडक झाला होता. रबर घसरून घसरून भाजलं की असं होतं. पट्ट्याला ड्रमचं ओझं ओढवत नव्हतं आणि तो चकतीवर घसरत होता. ओझं पाण्याचं होतं. पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलं आहे की कपडे आधी वॉशिंग मशीनमध्ये पिळून घ्या. ते वाक्य आम्ही सुरुवातीलाच वाचलं होतं आणि सासूबाईंचं उत्तर तयार होतं: "त्यात घरभराचे पायमोजे फिरतात." त्यामुळे लुगडं हातानंच धुतलं जायचं. आणि त्यांची मनगटं संधिवातानं धरलेली, पिळणं जमत नाही. दुसऱ्याचा हात चालत नाही. तीन पावसाळे ते नऊवार, पाण्यानं निथळत, काठीवरून थेट मशीनमध्ये पडत होतं.

मी पट्ट्याचा तो भाग त्यांच्यासमोर धरला आणि जसं होतं तसं सांगितलं.

त्यांनी त्यावरून नजर फिरवली. "म्हणजे माझ्यामुळं तुटला."

"पाण्यानं तुटला."

"पाणी कोणी घातलं?"

मी पट्टा तसाच समोर धरून ठेवला. खरी असलेली गोष्ट गोड करून छापायची नाही, हेही डेस्कवरच शिकले होते. यजमान काही बोलायला गेले, त्यांना सासूबाईंनी हातानं थांबवलं. व्हरांड्याच्या पन्हाळीतून पाणी पडत होतं. सासूबाई उठल्या, सकाळपासून न्हाणीघरातल्या दांडीवर निथळत पडलेलं लुगडं काठीनं उचललं आणि माझ्यासमोर आणून उभ्या राहिल्या.

"तू सोवळ्यात आहेस ना?"

"हो."

"मग धर."

मी एक टोक धरलं, त्यांनी दुसरं. नऊवार लुगडं दोघींमध्ये व्हरांडाभर पसरलं. मी उजवीकडे पीळ घालत गेले. त्या नुसत्या घट्ट धरून उभ्या राहिल्या, तेवढंच त्यांच्या मनगटांना शक्य होतं, आणि तेवढं पुरेसं होतं. फरशीवर पाण्याचा ओघळ गेला, नालीपर्यंत पोचला. पीळ इतका बसला की लुगडं मध्यावर आपोआप दुमडलं.

"बापरे," यजमान लांबून म्हणाले. "एवढं पाणी!"

"तू टॉर्च बंद कर. सेल जळून राहिले."

पुढची बाजू बसवली, झाकण सरकवलं, स्क्रू आवळले. लुगडं आत गेलं. प्लग लावला. मी बटण दाबलं. गुणगुण सुरू झाली, आणि क्षणभरानं दाराच्या काचेमागे लुगड्याचा हिरवा काठ वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. पट्टा घसरण्याचा आवाज नव्हता. मी पत्र्याला कान लावून ऐकत राहिले. रेशमी साडीवर मांडीपाशी ग्रीसचा तळहाताएवढा डाग पडला होता, तो मला तेव्हा दिसला.

महालक्ष्म्या संध्याकाळी आल्या. पावलांवरून त्यांना घरात आणताना मशीन मागे फिरत होतं. ते थांबलं तेव्हा सासूबाईंनी दार उघडून काठी घातली, लुगड्याची एक घडी काठीवर घेऊन गालाजवळ नेली आणि म्हणाल्या, "निऱ्यांची जागापण वाळली."

पहाटे त्यांनी मला उठवलं. माझी उठायची वेळ नव्हती. "आंघोळ करून घे. तुझीही एक सुती साडी काल धुऊन, पाटाखाली दाबून पाणी काढून टाकली होती मी आत, तुझं लक्ष नव्हतं. पुरण वाटायचं आहे."

मी उंबरा ओलांडला. पुरण वाटायला होतं, सोळा भाज्यांची चिरणी होती, आंबील ढवळायची होती. सासूबाई कोरड्या लुगड्यात चुलीशी उभ्या होत्या आणि मी त्यांचा श्वास ऐकत होते. तो सरळ चालला होता. दिवसभर त्या एकदाही खोकल्या नाहीत.

दुपारी काकू आल्या. स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहून त्यांनी आत पाहिलं. त्यांना आधी मी दिसले.

"अग्गंबाई, पेपरवाली सून आत? आणि बिजलीचं सोवळं बंद पडलं म्हणे. मग हे ओलंच का?" असं म्हणून त्यांनी लुगड्याचा काठ चाचपायला हात पुढे केला.

"हात नको लावू!" सासूबाई गरजल्या. काकूंचा हात हवेत राहिला. "वाळलेलं आहे. कडकडीत. पट्टा तुटला होता, हिनं बसवला."

"कोणता पट्टा?"

"ड्रमचा. मोटर फिरत होती, ड्रम फिरत नव्हता, काठीनं ढकलला तर मोकळा फिरला, म्हणजे पट्टा. त्याला बारीक खाचा असतात, त्या आतल्या बाजूनं घ्याव्या लागतात. जुन्याचा एक तुकडा मोटरच्या मागे पडला होता. हिनं सुतळीनं मोजलं म्हणून कळलं, नाहीतर वीतभर आखूड आणला असता. एक चाक असतं स्प्रिंगवर, ते दाबायचं आणि पट्टा त्याच्याखालून न्यायचा. पहिल्यांदा पीळ पडला, तर तिनं काढून पुन्हा घातला. तुटला तो माझ्या पाण्यानं. आता आम्ही पिळून टाकतो."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "तुम्हाला हे सगळं कसं माहीत?"

"ड्रम मीच धरला होता," सासूबाई म्हणाल्या.

आयुष्यभर दुसऱ्यांचा मजकूर तपासत आल्यामुळे कोणी काही सांगू लागलं की मी नकळत चुका शोधते. त्यांच्या सांगण्यात मी शोधल्या. क्रम बरोबर होता, कारणं बरोबर होती, स्वतःकडची चूकही त्यांनी गाळली नव्हती. मला एकही शब्द बदलायचा नव्हता. मी हातातली कढई धरून तशीच उभी राहिले होते.

"उभी काहून राहिली?" त्या मागे न वळता म्हणाल्या. "पोळ्या लाटायला घे."